शिवणकामातली ‘माया’ नेमकी कुठली?

मी छत्रपती संभाजीनगरला छोटा स्टुडिओ चालवते. स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली, दोन मशिनी अन एक कटिंगचं टेबल. शिवजयंतीचे अंगरखे, शाळेच्या गॅदरिंगचे मावळे आणि हल्ली प्रीवेडिंगवाल्यांचे ट्रेल गाऊन, जे घालून पोरी दौलताबादच्या पायऱ्यांवर वाऱ्यात उभ्या राहतात. परवा पुण्याच्या एका नवरीला मी ट्रायलला म्हणलं, काळजी करू नको, दोन्ही बाजूला दीड दीड इंच माया ठेवलीय. ती आधी बघतच राहिली अन मग म्हणे, ताई तुम्ही किती प्रेमानं बोलता! तिला वाटलं मी जीव लावायले.

शिवणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, टिपेच्या बाहेर आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड राखतात ती माया. मी ज्यांच्याकडं शिकले त्या परतूरच्या काकू कातर हातात घेतली की एकच सांगायच्या, माया ठेव गं, माणूस काय मापात राहतं का. आता क्लासच्या पोरी मार्जिन म्हणतात. मार्जिन म्हणलं की मला वहीतली लाल रेघ आठवते, कपडा नाही आठवत. तर तुमच्याकडं हा शब्द अजून चालतो का, आणि ह्या मायेचं त्या दुसऱ्या मायेशी काही नातं आहे का?

— — —

परभणीकडं मायाच म्हणतात ताई. आमचे आजोबा शाळेच्या पँटींना खाली चार बोटं माया ठेवायचे, दरवर्षी जूनमधी दुमड उसवायची की पँट परत मापात, फक्त वरची पँट धुवून धुवून फिक्की अन खाली गडद पट्टा, म्हणजे पोरगं किती वाढलं ते अख्ख्या वर्गाला कळायचं. मला तर ही पैशाचीच माया वाटते. ‘त्यानं लई माया जमवली’ म्हणतो तसं, पुढच्यासाठी बाजूला टाकलेलं, चारचौघांना न दिसणारं.

— — —

न दिसणारं म्हणता, मग वेदांतातली माया का नाही? वरून बघावं तर नीटनेटकं, आत काय आहे ते उसवल्याशिवाय कळत नाही 😀

— — —

दादा, टेलरला वेदांत कशाला? परभणीवाल्यांचं पटतंय मला. काकूसुद्धा उरलेल्या चिंध्या असंच जपून ठेवायच्या.

— — —

ताई, नांदेडहून लिहितोय. शिंप्याला वेदांत कशाला म्हणता, पण नामदेव महाराज शिंपीच होते की, आणि आपल्याकडं त्यांना हिंगोलीजवळच्या नरसीचे मानतात. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यातल्या एकात ते मनाचा गज अन जिभेची कातर करतात आणि मापून मापून यमाचा फास कापतात. शिंप्याच्या टेबलावरचे शब्द तिकडं जाऊ शकतात तर तिकडचा एखादा टेबलावर आला तर काय बिघडलं? आमच्या गल्लीतला टेलर अजूनही मोजपट्टीला गजच म्हणतो, त्यावर इंच-सेंटिमीटर छापलेले असले तरी.

— — —

बरं, हरले मी. पण गंमत सांगते, जुन्या पद्धतीच्या अंगरख्यात मायेचं एवढं काम पडत नाही. घेर आणायला लांब तिकोनी कळ्या, त्या अशा कापायच्या की एकीच्या रुंद तोंडाशेजारी दुसरीचं टोक येतं आणि कापड वाया जात नाही, काखेत चौबगला (वेगळा जोडलेला तुकडा), म्हणून हात वर केला तरी अंगरखा ओढला जात नाही, आणि छातीवर आतून पडदा. सैल-घट्ट करायचं काम बंद करतात. बाराबंदीचंही तेच, बंद बांधून माप साधायचं, म्हणजे माया आत दाबलेलीच नाही, बाहेर लोंबतीय.

गाऊनचं मात्र उलटं. चोळीच्या भागात हाडं (बोनिंगला, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या कडक पट्ट्यांना, मी हाडंच म्हणते), खाली घेर फुगवणाऱ्या कॅनकॅन जाळीचे थर, सगळं अंगाला चापून. पहिल्या पहिल्यांदा मी एका सॅटिनच्या गाऊनला अर्धाच इंच माया ठेवली होती, कापड महाग म्हणून चिकटपणा केला. दोन महिन्यांनी ट्रायल, चेन लागेना. उसवून काय सोडवणार, आत काहीच नाही, आणि सॅटिन उसवलं की सुईची भोकं तशीच राहतात. शेवटी चेन काढली, मागं काजं केली अन फीत ओवून दिली. नवरी म्हणे हेच जास्त छान दिसतंय. मी गप्प बसले.

— — —

काज अन फीत दोन्ही पोर्तुगीजातून आलेत. काज म्हणजे मुळात ‘कासा’, घर. बटणाचं घर.

— — —

जालन्याहून. आमच्या ख्रिस्ती घरात आजी, आई सगळ्या चर्चला पांढरी साडी नेसून उभ्या राहिल्या. पांढऱ्याचा एवढा गाजावाजा १८४० मधी व्हिक्टोरिया राणी पांढऱ्यात लग्नाला उभी राहिली त्यानंतरचा. आता बहिणीनं गाऊन घालायचं ठरवलं आणि मावशी एकदम, अगं गाऊन घालून चर्चला?? कारण गाऊन म्हणजे आमच्याकडं दुपारी दूध घ्यायला जाताना वरून ओढणी टाकतात तो. ताई, तुम्ही पाटीवर काय लिहिता?

— — —

ब्रायडल गाऊन लिहिते, ब्रायडल लावलं की मावश्या शांत होतात. खरं तर झगा हा शब्द किती चांगला आहे, पण ‘झगामगा मला बघा’नं त्याची पार बदनामी करून ठेवली. एकदा पावतीवर ‘नवरीचा झगा’ लिहून बघते, गिऱ्हाईक पळालं तर इथंच येऊन सांगते. आणि उरेब पट्टीतल्या (तिरक्या कापलेल्या पट्टीतल्या) उरेबचं कुणीतरी विचारणार होतं ना, त्याचा वेगळा धागा काढते, आत्ता फॉल-पिकोवाल्या दोघी दारात उभ्या आहेत.