गुप्तवार्तेतली 'शक्यता' म्हणजे नक्की किती?

बिनतारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

एका किनारी जिल्ह्यात पोलीस बिनतारी विभागात मी सव्वीस वर्षं काढली. वरून आलेला संदेश नोंदवहीत वेळ टाकून उतरवायचा आणि ठाण्यांना वाचून दाखवायचा, हे काम. "समुद्रमार्गे घुसखोरीची शक्यता नाकारता येत नाही. सर्व संबंधितांनी आवश्यक ती दक्षता घ्यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल सादर करावा." हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की झोपेतही म्हणेन.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री असाच संदेश आला. एका ठाण्याच्या अंमलदाराने मला विचारलं, "दादा, शक्यता म्हणजे किती? माझ्याकडे सात माणसं आहेत, उद्याचं विसर्जन आहे आणि लँडिंग पॉइंट, होड्या लागायच्या जागा, सहा आहेत. कोणाला कुठून काढू?" मी वर विचारलं. उत्तर आलं, मजकूर आहे तसा द्या.

म्हणून माझं म्हणणं असं की आयबी, रॉ, लष्करी गुप्तवार्ता, एनटीआरओ (तांत्रिक गुप्तवार्ता गोळा करणारी केंद्रीय संस्था), राज्यांचे गुप्तवार्ता विभाग या सगळ्यांनी अंदाज सांगायला ठरलेले शब्दच वापरावेत आणि प्रत्येक शब्दाला टक्क्यांची हद्द असावी. असा तक्ता सव्वीस वर्षांत माझ्या टेबलापर्यंत आला नाही.

अमेरिकेला हा धडा 1951 मध्ये मिळाला. सीआयएच्या अंदाज कार्यालयाने त्या मार्चमध्ये लिहिलं की युगोस्लाव्हियावर यंदा हल्ला होणं ही 'गंभीर शक्यता' धरावी. परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने त्या कार्यालयातल्या शर्मन केंट यांना सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने पासष्ट-पस्तीस. विचारणारा हादरला, कारण त्याच्या लोकांनी ती बरीच कमी धरली होती. मग ज्यांनी मसुद्याला संमती दिली होती त्या आपल्याच सहकाऱ्यांना केंट यांनी विचारून पाहिलं. एकाच्या मनात वीस-ऐंशी होतं, दुसऱ्याच्या मनात ऐंशी-वीस! वाक्य एकच आणि सगळ्यांनी मान्य केलेलं.

केंट यांनी 1964 मध्ये शब्द आणि टक्के यांचा तक्ता छापला. सगळ्या अमेरिकी यंत्रणांना बांधणारा निर्देश यायला 2007 उजाडलं. 2015 च्या सुधारित आवृत्तीत 'लाइकली' म्हणजे 55 ते 80 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे 80 ते 95, असा तक्ताच दिला आहे. आपल्याकडे हे का होऊ नये?

पूर्वरंग

बिनतारी, अनुभव मनापासून लिहिलाय, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

2011 चं अबोटाबाद घ्या. त्या वाड्यात बिन लादेन आहे का, यावर ओबामांपुढे 40 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत आकडे ठेवले गेले. तेव्हा 2007 चा निर्देश होताच. आकड्यांनी धुकं कमी झालं नाही. हे शेवटी पन्नास-पन्नासच आहे, असं म्हणून त्यांनी निर्णय घेतला. ज्याला आतून 'माहीत नाही' म्हणायचंय त्याच्या तोंडी '60 टक्के' दिलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मोजलंय. मोजलेलं काहीच नसतं.

दुसरं याहून गंभीर. ऑक्टोबर 2002 च्या इराकवरच्या अमेरिकी अहवालात परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने ॲल्युमिनियमच्या नळ्यांबद्दल स्पष्ट वेगळं मत नोंदवलं होतं. त्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी आहेत हे त्यांना पटत नव्हतं. ते मत बरोबर ठरलं, पण मुख्य निष्कर्षाच्या रेट्यापुढे टिकलं नाही. सगळ्यांनी एकच भाषा बोला असा हुकूम निघाला की पहिला बळी अशाच वेगळ्या मताचा जातो. मतभेद झाकायला सरकारी शब्दासारखं पांघरूण नाही.

टेम्सकाठ

पूर्वरंग, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. एकच मत असणं वेगळं आणि मत सांगायचं माप एक असणं वेगळं. मतभेद नेमका दिसायला तर माप एक लागतं. एक शेरात आणि दुसरा किलोत सांगत असेल तर ते भांडताहेत की एकच बोलताहेत, हेही कळणार नाही.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इराकनंतर इथे बटलर समितीने 2004 मध्ये दाखवून दिलं की गुप्तवार्ता समितीच्या मूळ मूल्यमापनात असलेल्या मर्यादा सप्टेंबर 2002 च्या जाहीर पुस्तिकेत उतरल्याच नाहीत. आता इथे एक मोजपट्टी आहे. 'रिअलिस्टिक पॉसिबिलिटी' म्हणजे 40 ते 50 टक्के, 'लाइकली' म्हणजे 55 ते 75. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: दोन शब्दांच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडली आहे. 50 नंतर थेट 55. म्हणजे एका टक्क्यावरून कुणी वाद घालत बसायचं नाही. 2022 मध्ये युक्रेनवरची संरक्षण खात्याची निवेदनं मी नेमाने वाचायचो. 'रिअलिस्टिक पॉसिबिलिटी' आलं की मोजपट्टी आठवायची आणि वाक्य एकदम वेगळं वाचलं जायचं.

एक अडचण मात्र कबूल करतो. अमेरिकेचं 'लाइकली' 80 पर्यंत जातं, ब्रिटनचं 75 ला थांबतं, आणि हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत तोच शब्द 66 च्या वर सुरू होतो. रोज माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या दोन मित्रदेशांनाही एक तक्ता जमलेला नाही.

तळटीप

मी इंग्रजी-मराठी भाषांतरं करते, बरीचशी सरकारी. सगळे इंग्रजी शब्दांवर बोलताहेत म्हणून राहवलं नाही.

'लाइकली'चं मराठी मी 'शक्यता आहे' करते. 'पॉसिबल'चंही 'शक्यता आहे'. 'मे'चंही तेच. 'कॅनॉट बी रूल्ड आउट' आलं की 'शक्यता नाकारता येत नाही', जे वर्तमानपत्रांनी वापरून वापरून इतकं गुळगुळीत केलंय की त्यात काही उरलेलं नाही. दिल्लीत कितीही काटेकोर तक्ता करा, बिनतारींच्या नोंदवहीत उतरेपर्यंत त्याच्या सात पायऱ्या एकाच शब्दात कोसळणार. इंग्रजीतलं प्रमाणीकरण हे वरच्या मजल्यावरच्यांसाठी आहे. जेट्टीवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा त्यात विचारच नाही. म्हणून माझं मत धाग्याच्या विरोधात, निदान आहे त्या रूपात.

खाडीकाठ

शक्यतेचं राहू द्या, आधी नावं तरी एकसारखी लिहा. 25 डिसेंबर 2009 ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणारं विमान उमर फारूक अब्दुलमुतल्लब याने उडवायचा प्रयत्न केला. त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी नायजेरियातल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाबद्दल सावध केलं होतं. पण नावाचं स्पेलिंग चुकलं. त्यामुळे त्याच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे हे तेव्हाच्या शोधात दिसलंच नाही. अरबी, उर्दू, पश्तो नावं रोमनमध्ये प्रत्येक यंत्रणा आपापल्या पद्धतीने लिहिते. आपल्या रेशनकार्डावर आणि आधारवर आडनाव दोन तऱ्हांनी असतं तेव्हा काय हाल होतात ते आठवा. इथे टक्के नकोत, फक्त शिस्त हवी, आणि यावर कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

अबोली

खाडीकाठ यांच्याशी सहमत, पण मला वेगळं सांगायचंय. आमची नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग आहे. हवामान खात्याचे शब्द कधीचे ठरलेले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. तो किती पडेल याचा त्या शब्दाशी संबंध नाही, त्यासाठी वेगळी उतरंड आहे: 64.5 मिलिमीटरपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार. आमच्या घरात वर्षानुवर्षं 'तुरळक'चा अर्थ 'थोडासा' असाच घेतला गेला. एका वर्षी 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' ऐकून सासऱ्यांनी फवारणी पुढे ढकलली. "तुरळकच आहे म्हणतायत." दोन दिवसांत घडांवर डाऊनी हा रोग दिसला.

शब्द प्रमाण होता, अर्थही छापलेला होता. आमच्यापर्यंत कुणी आणलाच नाही. शेतकऱ्याची ही गत, तर ठाण्यातल्या हवालदाराची काय वेगळी असणार? तक्ता करणं म्हणजे अर्धं कामसुद्धा नाही.

पूर्वरंग

अबोली, अगदी हेच. आणि तक्त्याच्या पलीकडचाही एक घोळ आहे. 'शक्यता किती' आणि 'आमचा स्वतःच्या अंदाजावर भरवसा किती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी निर्देशाने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. जानेवारी 2025 मध्ये सीआयएने सांगितलं की कोविडचा उगम प्रयोगशाळेशी जोडलेला असण्याची शक्यता त्यांना अधिक वाटते, पण या मताबद्दल त्यांचा भरवसा 'लो', म्हणजे कमी आहे. मथळ्यांत पहिला भाग ठळक आला, दुसरा खाली गेला. मी ज्यांच्याशी बोललो त्यांना 'सीआयएने मान्य केलं' एवढंच आठवत होतं. प्रमाण शब्दाने इथे कुणाचं भलं झालं?

बिनतारी, एक विचारायचं राहिलं. त्या रात्री त्या अंमलदाराने शेवटी काय केलं?

बिनतारी (धागाकर्ता)

सांगतो, आधी दोन मुद्दे.

तळटीप आणि अबोली, तुमचं पटलं. मी फक्त पाठवणाऱ्याचा विचार केला होता. तक्ता हवाच, पण मराठीतही हवा आणि संदेशाच्या कागदावरच, शब्दाच्या शेजारी आकडा छापलेला हवा. वेगळं परिपत्रक काढून उपयोग नाही, ते कपाटात जातं.

पूर्वरंग, तुमच्या भीतीला मी हलकं लेखत नाही. पण आकडा नसला की काय होतं तेही मी पाहिलंय. 1999 मध्ये कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती नेमली. माहितीचे तुकडे वेगवेगळ्या यंत्रणांकडे होते आणि ते एकत्र जोडायची पक्की व्यवस्था नव्हती, हे तिने मांडलं. त्यातून सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणारं मल्टी एजन्सी सेंटर आलं. 26/11 नंतर राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने राज्य पातळीवर इशारे हाताळण्यातल्या गोंधळावर बोट ठेवलं. समुद्रमार्गे धोक्याचे इशारे आधी येऊन गेलेले होते. ती दहा माणसं बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरली तेव्हा त्यांना "कोण तुम्ही?" विचारणारे कोळी बांधव होते. इशाऱ्यांवर इशारे येतात, सगळे एकाच सुरात, आणि माणूस ते ऐकेनासा होतो. मीही ऐकेनासा झालो होतो. संदेश वाचताना माझा आवाज बदलायचा नाही, हे मला आज टोचतं.

तळटीप

बिनतारी, तुमच्यासाठी आत्ता घरात विचारून पाहिलं. 'दाट शक्यता' म्हणजे किती टक्के? सासूबाई 90, नवरा 70, मुलगी 60, शेजारचे काका 99. आकडा शब्दाच्या शेजारी छापलेला असेल तर माझा विरोध मागे. पण मराठी शब्द ठरवताना बिनतारी, अबोली यांच्यासारखी माणसं त्या खोलीत बसलेली हवीत, नुसते माझ्यासारखे भाषांतरकार नकोत.

पूर्वरंग

माझा विरोध कायम आहे. सात माणसांच्या ठाण्याला '20 टक्के' सांगून माणसं आठ होत नाहीत, आणि उद्या काही घडलं तर '20 सांगितलं होतं' म्हणून वरचे हात झटकतील. पण उत्तर ऐकायचंय.

बिनतारी (धागाकर्ता)

त्याने विसर्जनाच्या बंदोबस्तातून दोन माणसं काढली आणि दोन लँडिंग पॉइंटवर एकेक उभा केला. उरलेले चार रिकामे. पहाटे पाचला त्यांचा निरोप आला: निरंक. दुपारी त्याच माणसांना विसर्जनाच्या घाटावर पाहिलं, डोळे लाल, रात्रभराचे जागे. मला त्या संदेशाचा अर्थ पाच टक्के वाटला होता. त्याने नक्कीच जास्त धरला होता. खरा आकडा लिहिणाऱ्याच्या मनात किती होता, ते आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नाही.