दावोसची सपाट छपरं

स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव दावोस स्कीइंगमुळे नावारूपाला आलं, असं काहीजण म्हणतात, पण ते पटत नाही. स्की करणाऱ्यांना चढावर ओढून नेणारी यंत्रं तिथे १९३४ साली आली. गावाची प्रसिद्धी त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती क्षयरोगामुळे. १५६० मीटरवरच्या कोरड्या हवेत क्षय कमी दिसतो, असं डॉक्टर अलेक्झांडर स्पेंगलरचं निरीक्षण होतं. १८६५ च्या हिवाळ्यात पहिले दोन रुग्ण आले, १८९० मध्ये रेल्वे आली, १९०० च्या डिसेंबरात शात्सआल्पचं आरोग्यधाम उघडलं. औषध नव्हतंच, दक्षिणेकडच्या सज्जात घोंगड्या गुंडाळून रोज तासन् तास पडून राहायचं, एवढाच उपचार.

सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे तिथली सपाट छपरं. बर्फाळ गावात उतरतं छप्परच हवं असं आपल्याला वाटतं, पण तिथेच खोड आहे. घराच्या उबेने वरचा बर्फ वितळतो, पाणी थंडगार वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं, बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे तुंबलेलं पाणी आत झिरपतं. शिवाय घसरलेला ढीग खालच्या सज्जातल्या रुग्णांवर पडणार! रुडॉल्फ गाबरेल या वास्तुविशारदाने सपाट छप्पर रुजवलं. त्याला किंचित ढाळ असतो तो आतल्या बाजूला, आणि पाण्याचा नळ उबदार घराच्या पोटातून खाली उतरतो, त्यामुळे तो गोठत नाही. बर्फ वरच राहतो आणि दुलईसारखी ऊब धरतो. अर्थात त्याचं वजन पेलेल असा स्लॅब हवा.

क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर आरोग्यधामं ओस पडली, बरीच हॉटेलं झाली. सज्जे मात्र तसेच आहेत.