मदत हवी आहे: मेंढ्यांचे बिल्ले दुसऱ्याच्या नावावर, आणि एक मेंढी कोकरांना पाजत नाही

गलाईवाला_परत_आला | सोमवार, रात्री 9.40

राम राम मंडळी. पोस्ट जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातला, विट्याच्या पूर्वेकडचा. 18 वर्षं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात तमिळनाडूत काढली आणि दोन वर्षांपूर्वी गावी आलो. सोनं कसाला लावायचं कळतं, मेंढी कशानं कण्हते ते कळत नाही. घरचा पाच एकर माळ आहे, त्यातल्या थोड्या रानाला आता टेंभू योजनेचं पाणी मिळतं. भाद्रपदात आटपाडीच्या बाजारातून 9 गाभण मेंढ्या आणि एक मेंढा आणला. आमच्या घरात याआधी कुणी मेंढरं राखलेली नाहीत. भाऊबंद हसतात ते वेगळंच.

आता प्रश्न.

पहिला बिल्ल्यांचा. 9 पैकी 5 मेंढ्यांच्या कानात नंबराचे पिवळे बिल्ले आहेत, 4 ना नाहीत, मेंढ्यालाही नाही. दवाखान्यात गेलो तर त्यांनी मोबाईलवर नंबर टाकला आणि म्हणाले, ही मेंढरं तुमच्या नावावर नाहीत, आधी ते बघा. कसं बघायचं ते काही सांगितलं नाही. विकणाऱ्याचा नंबर माझ्याकडे आहे, पण तो आता वाडा (मेंढरं आणि बिऱ्हाड) घेऊन कोकणाच्या वाटेला लागलाय, रेंज असली तर उचलतो.

दुसरा, एका मेंढीचा बिल्ला वाघरीच्या (मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या) जाळीत अडकला आणि कान फाटून बाहेर आला. जखमेवर हळद-खोबरेल लावतोय. नवा बिल्ला त्याच कानात मारायचा का?

तिसरा, आत्तापर्यंत 7 मेंढ्या व्याल्या, 9 कोकरं आहेत. कोकरांना बिल्ला किती दिवसांनी मारतात? चार नर पुढं विकायचे आहेत, बिल्ल्याशिवाय बाजारात घेत नाहीत असं ऐकतोय.

चौथा, परवा व्यालेली मेंढी जुळ्यांना जवळ येऊ देत नाही. चाटते, हुंगते, पण तोंड लावलं की लाथ मारते. मोठं कसंतरी पितं, धाकटं मागं राहतं. मेंढा नारी सुवर्णा जातीचा आहे असं विकणारा म्हणाला होता, म्हणून जुळी झाली असावीत.

माणदेशी_मेंढका | सोमवार, रात्री 9.58

आवो पाव्हणं, बिल्ल्याचं मागनं बघू. चवथा सवाल पयला लिवायचा हुता! धाकटं कोकरू आत्ता पितंय का न्हाई? तोंडात बोट घाला. आतनं गार लागलं तर ते चाललंय समजा. आत्ताच्या आत्ता बघून लिवा.

गलाईवाला_परत_आला | सोमवार, रात्री 10.20

बघितलं. तोंड कोमट आहे, अगदी गार नाही. पोट मात्र पाठीला लागलंय. उभं राहतं, पाठीला बाक काढून.

निवृत्त_पर्यवेक्षक | सोमवार, रात्री 10.31

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, बहुतेक नोकरी माण-खटावात झाली. मेंढका बरोबर सांगतात. पाठीला बाक म्हणजे कोकरू उपाशी आहे.

आत्ता एवढं करा. कोकराला कोरड्या पोत्यात गुंडाळून चुलीजवळ किंवा पिवळ्या बल्बखाली ठेवा. अंगात ऊब आल्याशिवाय दूध पाजायची घाई करू नका. गारठलेल्या कोकराला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं, आणि मग औषधं देऊनही हाताला लागत नाही. ऊब आली आणि बोट चोखायला लागलं की पाजा. शेजारी व्यालेली शेळी असेल तर तिचं दूध सगळ्यात बरं, नसेल तर गाईचं चालेल, पण त्यात पाणी घालू नका. लोकांना वाटतं पातळ केलं की पचतं. मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं, त्यात आपण आणखी पाणी घातलं तर कोकरू नुसत्या पाण्यावर जगणार का? दूध अंगाइतकं कोमट ठेवा, कोकराला उभं ठेवूनच पाजा, उताणं धरू नका.

वजन किती आहे? दोन किलोच्या आसपास असेल तर दिवसभरात 200 मिली तरी पोटात गेलं पाहिजे, तेही चार-पाच वेळा थोडं थोडं. पहिल्या दिवशी चीक प्यालं होतं का?

आणि सकाळची वाट न बघता मेंढीची कास हातानं चाचपा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? एखादी गरम, कडक, लाल? मेंढी कोकराला चाटते आणि तोंड लावल्यावर लाथ मारते, याचा अर्थ तिनं कोकरू टाकलेलं नाही. टाकणारी मेंढी हुंगून ढुशी मारते. हिला दुखतंय.

गलाईवाला_परत_आला | सोमवार, रात्री 11.15

साहेब, डावी बाजू गरम आहे आणि दगडासारखी. पिळून बघितलं तर दूध नाही, पिवळट पाणी आणि गाठी. उजवी मऊ आहे. मी तीन दिवस तिला दावणीला बांधून, पाय धरून कोकरं डाव्या बाजूला लावत होतो. वाईट वाटलं.

चीक दोघांनी प्याला होता, व्याल्यावर तासाभरात मीच धरून पाजला. धाकटं वजनकाट्यावर 1 किलो 900 भरलं. शेजारच्या आजींची शेळी व्यालेली आहे, त्यांना उठवलं. बोट चोखायला लागल्यावर 40 मिली प्यालं.

निवृत्त_पर्यवेक्षक | सोमवार, रात्री 11.24

हा कासदाह, म्हणजे कासेला आलेली सूज. सकाळी 1962 ला फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळालं तर दारात येतं. नाहीतर जवळच्या दवाखान्यातून डॉक्टर बोलवा. इंजेक्शन तेच ठरवतील, मेडिकलमधून विचारून आणू नका. डाव्या सडातलं खराब दूध दर दोन-तीन तासांनी काढून टाका, ते गोठ्यात सांडू नका, आणि प्रत्येक वेळी हात धुवा. तेच हात दुसऱ्या मेंढीच्या कासेला लागले तर तिलाही होईल. कोकरं उजव्या बाजूला लावा. एका बाजूवर जुळी पोसणार नाहीत, धाकटं बाटलीवर ठेवावं लागेल.

फुकटचा_सल्ला | मंगळवार, सकाळी 7.05

बिल्ल्याच्या भानगडीत पडूच नका भाऊ. आमच्या मेंढरांच्या कानाला आजोबांच्या काळापासून खाच आहे, पाठीवर गेरूचा ठिपका. शंभर मेंढरांतनं आमचं कोणतं ते अंधारात सांगतो. सरकारला मोबाईलवर मेंढरू बघायची हौस आहे.

जतकरीण | मंगळवार, सकाळी 7.40

दादा, खाच तुम्हाला ओळखू येते, बाजार समितीच्या गेटवरच्या माणसाला येत नाही. गेल्या वर्षी आमचे तीन माडग्याळ जातीचे मेंढे बिल्ला नाही म्हणून परत आणावे लागले, टेम्पोचं भाडं दोन्ही वेळचं गेलं.

आणि नुकसानभरपाईचं कोण बघणार? आमच्या शेजाऱ्यांची मेंढरं वीज पडून गेली, पंचनाम्याला आलेल्यांनी पहिल्यांदा कान बघितले. लांडगा आला, वीज पडली, विजेचा धक्का बसला, बिल्ला नसेल तर भरपाई मिळत नाही. विम्याचंही तसंच. बिल्ल्यासकट मेलेल्या जनावराचा फोटो मागतात, घाईनं पुरून टाकलं तर हात चोळत बसायचं.

निवृत्त_पर्यवेक्षक | मंगळवार, सकाळी 9.15

जतकरीण ताई बरोबर बोलतात. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि बाजारात प्रवेश नाही असा आदेश आहे. त्याच्या मुळाशी जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा 2009 चा कायदा आहे. लाळ्या-खुरकूत, पीपीआर असला रोग उठला तर ते जनावर कुठल्या गावातून, कुठल्या बाजारातून आलं ते शोधता यावं, हा हेतू. शेतकऱ्याला ही कटकट वाटते हे मी नोकरीत रोज ऐकलंय आणि निम्मी तक्रार खरी आहे. रेंज नाही, ॲप अडकतं, माणसं कमी. पण गलाईवाल्यांच्या चार नरांचं गिऱ्हाईक त्यामुळं परत जाईल, ते कोण भरून देणार?

आता एकेक सांगतो.

बिल्ल्यावर 12 आकडी नंबर असतो. तो जनावराला जन्मभर एकच, मालक बदलला तरी बदलत नाही. भारत पशुधन या प्रणालीत त्या नंबरापुढं मालकाचं नाव, लसीकरण, उपचार सगळं येतं. मालकी हस्तांतरणाची नोंदही त्यातच होते. त्यामुळं तुमच्या 5 मेंढ्यांना नवे बिल्ले मारून घेऊ नका, एका जनावराला दोन नंबर म्हणजे पुढं भानगड. विकणाऱ्याचा फोन लागेल तेव्हा त्याला एवढंच सांगा की पाच नंबर तुझ्या नावावरून काढून माझ्या नावावर करायचे आहेत. बाजाराची पावती, तुमचं आधार आणि मोबाईल घेऊन दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांनाच भेटा, दारातल्या माणसाला विचारून परत येऊ नका. नुसतं नंबर तुमचे नाहीत हे कळायला जायचं नाही, हस्तांतरण करून द्या असं म्हणायचं. उरलेल्या 4 मेंढ्या आणि मेंढ्याला नवे बिल्ले बसतील.

फाटलेल्या कानाची मेंढी: जाळीत अडकलेला बिल्ला टाकून दिला नसेल ना? तो नंबर लागतो. नवा बिल्ला बसवला की जुन्या नंबराच्या जागी नवा जोडता येतो, मागची लसीची नोंद जात नाही. जखम पूर्ण वाळू द्या, मग दुसऱ्या कानात मारा. हळद-खोबरेल ठीक आहे, पण माश्या बसत असतील तर दवाखान्यातून माश्या मारणारा फवारा घ्या. कानातली जखम आत ओली राहिली की अळ्या पडतात, आणि मेंढी डोकं एका बाजूला झुकवून झटकायला लागेपर्यंत कळत नाही.

कोकरांना इतक्यात नको. पातळ कानाला तो बिल्ला जड होतो, कान लोंबतो आणि फाटतो. तीन महिन्यांपुढं पीपीआरची लस असते, तेव्हाच बिल्ला मारून घ्या, एकाच धरपकडीत काम होतं. मारताना कानाच्या दोन जाड शिरांच्या मधली जागा बघायची. टोकाकडं मारू नये, डोक्याच्या बाजूला घ्यावा. आणि जाळीची वाघर वापरता तर मोकळा लोंबणारा दोरा, फाटकी गाठ ठेवू नका, कान तिथंच अडकतात.

एक राहिलं, जुळ्यांचं. जुळी मेंढ्यामुळं होत नाहीत, मेंढीमुळं होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीतला जुळं देणारा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा केली. तुमचा मेंढा खरंच त्या रक्ताचा असेल तर त्याचा गुण त्याच्या पाठी (मादी कोकरं) राखाल तेव्हा दिसेल, त्यांची पहिली वेत येतील तेव्हा. ही जुळी या मेंढीची स्वतःची आहेत. म्हणून हिला बरी करा आणि विकू नका.

माणदेशी_मेंढका | मंगळवार, दुपारी 1.30

साहेबांनी सगळं सांगितलं, एकच जोडतो. धाकटं शिळीवर वाढवताय तर शिळीच्या सडाला थेट लावून बघा. पयले दोन-तीन दिस शिळी धरावी लागंल. आमी तर कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या बिनआयच्या कोकराच्या पाठीवर घालतो, मेंढी वासानं फसती आन पाजती. मेंढरू डोळ्यानं न्हाई, नाकानं वळखतं. तुमचं त्येवढ्यावर आलं न्हाई ते बरं.

आन थंडीत रातच्याला कोकरं डाल्याखाली ठिवा, वर पोतं. मका लई चारू नगा बरं का. गुबगुबीत कोकरू सांजच्याला उड्या मारतं आन सकाळी मरून पडतं, म्हणत्यात नजर लागली. नजर न्हाई, आंत्रविषार हाय, आतड्यात इख व्हतं.

जतकरीण | मंगळवार, दुपारी 2.10

आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये घ्या. पहिल्यांदा घेणाऱ्यांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. पहिला पाऊस झाला की कोवळ्या गवतावर मेंढरं तुटून पडतात, तेव्हाच मरतुक होते. विम्याचंही बघून ठेवा. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या 15 टक्के केलाय, आणि मेंढ्या-शेळ्यांसाठी 10 पशुधन एकक, म्हणजे 100 जनावरांपर्यंत मर्यादा आहे. तुमची सगळी त्यात बसतात.

गलाईवाला_परत_आला | पुढचा रविवार, रात्री 8.15

उशिरा लिहितोय, माफ करा.

मंगळवारी डॉक्टर आले, तीन दिवस इंजेक्शनं झाली. डावी बाजू मऊ पडतेय, पण डॉक्टर म्हणाले ती बहुतेक आटेल, पुढच्या वेताला उजवीवरच भागवावं लागेल. मोठं कोकरू तिथं व्यवस्थित पितं, ती आता लाथ मारत नाही.

विकणारा एकदाचा पोलादपूरच्या अलीकडून बोलला. त्याला बिल्ले आपल्या नावावर आहेत हेच माहीत नव्हतं, मागच्या लसीकरणात कुणीतरी मारून गेलं म्हणाला. आधारचा फोटो पाठवला. गुरुवारी विकास अधिकाऱ्यांना भेटलो, पाचही नंबर माझ्या नावावर झाले. चार मेंढ्या आणि मेंढ्याला नवे बिल्ले बसले. फाटक्या कानाचा जुना बिल्ला वाघरीत सापडला, तो काडेपेटीत घालून देव्हाऱ्यात ठेवलाय, जखम वाळली की जायचं आहे.

धाकटं आजींच्या शेळीला लागलं. चौथ्या दिवशी शेळी धरावी लागली नाही. अडचण एवढीच की आता ते तिच्यामागं आजींच्या अंगणात जातं, आणि आजी दुधाचे पैसे घेत नाहीत. पाठ आहे, मोठी झाली की पहिली पाठ तुमची, असं म्हणालो तर म्हणाल्या, तोपर्यंत मी राहते का बघ.

माणदेशी_मेंढका | रविवार, रात्री 8.40

पैसं नगा दिऊ, राग येईल. वाळल्या बाभळीच्या शेंगा दोन पोती टाका त्यांच्या शिळीला.