लहानपणीचे नवल काही गेममध्ये पुन्हा भेटते, काहींमध्ये भेटत नाही, असे का?

रानवाट (प्रश्न):
जादू, राक्षस आणि पडकी राज्ये असलेले रोल-प्लेइंग गेम मी शाळेत असताना आवडीने खेळत असे. पुढे नोकरी-संसारात ते मागे पडले. अलीकडे ‘एल्डन रिंग’ हाती घेतला आणि मिस्टवूडच्या जंगलातल्या एका जुन्या दगडी इमारतीत मला लिफ्ट सापडली. ती खाली जाऊ लागली आणि जातच राहिली, इतकी की काहीतरी बिघडले असावे असे वाटू लागले. आणि शेवटी ती थांबली तेव्हा जमिनीच्या पोटात, डोक्यावर, चांदण्यांनी भरलेले आभाळ होते. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता पाहत बसलो. असे भारावून जाणे लहानपणानंतर माझ्या वाट्याला फारसे आले नव्हते. त्यानंतर याहून मोठे नकाशे असलेले गेम खेळलो, त्यांची चित्रे सुंदर होती, पण मन जागचे हलले नाही. हा फरक गेमच्या रचनेतून येतो, की मला केवळ जुन्या दिवसांची ओढ लागली आहे?

दिवटी:
माझ्या मते रचनेतूनच येतो, आणि त्याचे मूळ न सांगण्यात आहे. ती लिफ्ट तिथे आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नव्हते. या गेमचा नकाशासुद्धा आरंभी लहानच दिसतो आणि आपण पुढे जाऊ तशी त्याची चौकट वाढत जाते, त्यामुळे जग नेमके कुठे संपते याचा अंदाज कितीतरी वेळ बांधता येत नाही. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतींत सांगितले आहे की लहानपणी ते स्वतःच्या आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके वाचत आणि न समजलेला भाग कल्पनेने भरून काढत. त्यांच्या गेममधल्या कथा अशा तुटक का असतात, ते यावरून ध्यानात येते.

२००२ सालचा ‘मॉरोविंड’ याच कारणासाठी मला आजही प्रिय आहे. त्यात कुठे जायचे ते दाखवणारी बाणाची खूण नाही. कोणीतरी तोंडी वाट सांगते, ती रोजनिशीत उतरते आणि आपण ओढा, पूल, फाटा ओळखत निघतो. पहिल्या गावातून बाहेर पडून जरा चालावे, तोच आभाळातून किंचाळत एक जादूगार कोसळतो आणि गतप्राण होतो. त्याच्याजवळ उड्डाणाच्या मंत्राच्या गुंडाळ्या सापडतात. त्यातली एक वापरली की आपणही डोंगर ओलांडून जाऊ इतकी उंच उडी घेतो, आणि जमीन जवळ येऊ लागली की त्या जादूगाराचे काय चुकले ते उमगते. एक शब्दही न बोलता शिकवलेला हा धडा मी कधी विसरलेलो नाही.

सशाचे बीळ:
दिवटी यांच्याशी सहमत आहे. मात्र नवल नेहमी हेतुपुरस्सरच रचलेले असते असे नाही. ‘स्कायरिम’ (२०११) खेळणाऱ्यांमध्ये बरीच वर्षे अशी समजूत होती की कोल्ह्याच्या मागे गेले तर तो खजिन्यापाशी नेतो. २०२१ मध्ये त्या गेमवर काम केलेल्या जोएल बर्जेस यांनी याचा उलगडा केला. गेममधली पात्रे जिथून चालू शकतात ती जमीन त्रिकोणांत विभागलेली असते, आणि कोल्हा आपल्यापासून पळताना अंतर मोजत नाही, त्रिकोण मोजतो. उजाड माळावर त्रिकोण मोठे आणि थोडे असतात. छावण्या, अवशेष, गुहा अशा बारकाईने घडवलेल्या जागी ते लहान आणि दाट असतात. म्हणून कोल्हा आपसूक तिकडे पळतो. हे कोणी मुद्दाम योजलेले नव्हते. खेळाडूंनी नुसते पाहून पाहून एक आख्यायिका रचली, आणि ती खरी निघाली!

मोरपीस:
सारे श्रेय रचनेला देणे मला पटत नाही. खेळण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. माझी भाची ‘स्कायरिम’ खेळते तेव्हा मुख्य कामगिरी बाजूला पडते आणि ती फुलपाखरे पकडते. त्यांचे पंख गेममध्ये जादूचे काढे बनवायला लागतात. पंख खाऊन पाहिला की त्याच्या चार गुणधर्मांपैकी पहिला कळतो, उरलेले तीन प्रयोग करूनच शोधावे लागतात, आणि ती ते आनंदाने शोधते. आपण मोठी माणसे मात्र पहिल्याच अडचणीला इंटरनेटवर तयार तक्ता उघडतो आणि मग गेममध्ये पूर्वीसारखी मजा उरली नाही अशी तक्रार करतो.

पडद्यावरची दिशा आणि खुणा दाखवणारी पट्टी सेटिंगमध्ये जाऊन पुसट करता येते, ती करून पाहावी. मात्र ‘स्कायरिम’मध्ये पुष्कळदा पात्रे ठिकाण सांगतच नाहीत, कारण खूण दिसणारच असे गृहीत धरलेले असते, तेव्हा नेमून दिलेल्या कामासाठी ती ठेवावी आणि भटकण्यासाठी घालवावी.

रानवाट:
सर्वांचे मनापासून आभार. मोरपीस यांचे म्हणणे मला लागू पडते, कारण त्या मोठ्या नकाशांच्या गेममध्ये मी खरोखरच खुणांची यादी उरकत होतो. तरीही जुन्या दिवसांच्या ओढीचा प्रश्न शिल्लक राहतो.

दिवटी:
ओढ असेलही, पण ती केवळ खेळणाऱ्याचीच नसते. गेम घडवणारे शिगेरू मियामोतो यांनी लहानपणी गावाबाहेर भटकताना एक गुहा पाहिली होती आणि धीर करून कंदील घेऊन ते आत शिरले होते. १९८६ च्या ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’मागे ती आठवण आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये टेकड्या जाणूनबुजून त्रिकोणी ठेवल्या आहेत, जेणेकरून पलीकडचे झाकले जाईल आणि चढून जायचे की वळसा घालायचा हे खेळणाऱ्याने ठरवावे. यातला कोणताही गेम लहानपणी न खेळलेल्या माणसालाही त्या टेकडीमागे काय आहे ते पाहावेसे वाटते. आपण ‘एल्डन रिंग’ही लहानपणी खेळला नव्हता, तो आला २०२२ मध्ये.