पंपाच्या पात्यांमधील प्रवाह: संगणकावरचे गणित टेस्ट बेंचची जागा घेईल का?

मूळ मांडणी – डिझाइन अभियंता, सोलापूर

सबमर्सिबल पंपाच्या इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांच्या चाकामध्ये) छोटासा बदल करायचा म्हटले तरी पॅटर्न, ओतकाम, मशीनिंग आणि मग टेस्ट बेंच (पंप चालवून मोजमापे घेण्याचा मंच) ही सगळी फेरी पुन्हा करावी लागते. ओपनफोमसारखे प्रवाहाचे गणित करणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असताना लहान कारखान्यांनी पात्यांचे कोन संगणकावरच ठरवावेत आणि बेंचवरच्या बहुतेक फेऱ्या बंद कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बेंचवर डिस्चार्ज (ठरावीक वेळात मिळणारे पाणी), हेड (पाणी चढवण्याची उंची) आणि विजेचा वापर कळतो. प्रवाह पात्याच्या पृष्ठभागापासून नेमका कोठे सुटतो, हे तेथे दिसत नाही.

प्रतिसाद – चाचणी विभागातील अभियंता

शेवटचे वाक्य मान्य, निष्कर्ष अमान्य. १९९४ मध्ये नासाच्या ‘रोटर ३७’ या कॉम्प्रेसर-रोटरवर (हवा दाबणाऱ्या यंत्राच्या फिरत्या पात्यांच्या चाकावर) अनेक गटांकडून, मोजमापे आधी न दाखवता, गणित करून घेण्यात आले. उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत आणि हबजवळ (पाती ज्यावर बसतात त्या मधल्या भागाजवळ) तर ती मोजमापांपासून बरीच दूर गेली. पुढे त्याचे एक कारण असे सुचवले गेले की, रोटरच्या अलीकडच्या बारीक फटीतून होणारी किंचित गळती कोणी आराखड्यात धरलीच नव्हती. तेथे पाती अचूक घडवलेली होती. आपल्याकडे वाळूच्या साच्यातून निघालेल्या पात्याची जाडी आणि खडबडीतपणा यांचा ड्रॉइंगशी कितपत मेळ बसतो, हे फाउंड्रीत उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. वेअर रिंगची, म्हणजे इम्पेलरभोवती गळती रोखणाऱ्या कड्याची, फट तर वापरागणिक वाढतच जाते.

प्रतिसाद – डिझाइन अभियंता

कार्यक्षमतेचा आकडा तंतोतंत यावा, असा माझा आग्रहच नाही. दोन रचनांपैकी सरस कोणती एवढे समजले तरी पुरे, कारण मेश (गणितासाठी प्रवाहाच्या जागेचे केलेले बारीक तुकडे) आणि टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहाचे अंदाजी गणित) तेच ठेवले की चूक दोन्हीकडे साधारण सारखीच राहते.

प्रतिसाद – यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक

हे म्हणणे डिझाइन बिंदूजवळ, म्हणजे ज्या हेड-डिस्चार्जसाठी पंप आखला त्याच्या आसपास, बहुतांशी खरे ठरते. त्यापासून दूर गेल्यावर त्याचा भरवसा देता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात बोअरचे पाणी खोल जाते, हेड वाढते आणि पंप कमी डिस्चार्जवर चालू लागतो. अशा वेळी पाणी पात्याच्या मुखाशी चुकीच्या कोनाने येते, प्रवाह सुटतो आणि इम्पेलरच्या तोंडाशी उलटे भोवरे तयार होतात. मेंटर यांचे १९९४ चे एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल प्रवाह सुटण्याचा अंदाज के-एप्सिलॉन या दुसऱ्या मॉडेलपेक्षा सहसा बरा देते, परंतु त्यासाठी भिंतीलगतचा मेश अतिशय बारीक लागतो, आणि घाईच्या कामात नेमकी तेथेच काटकसर केली जाते. शिवाय फिरता इम्पेलर आणि त्यापुढचा स्थिर पात्यांचा डिफ्यूझर यांच्या सीमेवर ‘मिक्सिंग प्लेन’ पद्धतीने परिघावरची सरासरी घेतली की पात्यामागचा वेक (मंदावलेल्या प्रवाहाचा पट्टा) पुसला जातो, म्हणून दोन रचनांचा क्रमसुद्धा उलटा लागू शकतो. काळानुसार बदलणारा प्रवाह सोडवला तर हे टळते. मात्र त्याला कितीतरी अधिक संगणन लागते.

प्रतिसाद – डिझाइन अभियंता

मग बेंचचेही तसेच म्हणावे लागेल. सबमर्सिबल पंपांच्या आयएस ८०३४ या भारतीय मानकानुसार होणारी चाचणी स्वच्छ, थंड पाण्यावर होते. वाळू ओढणारी बोअर तेथे नसते.

प्रतिसाद – चाचणी विभागातील अभियंता

वाळू नसते, हे खरे. परंतु डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की प्राध्यापकांनी सांगितलेला कमी डिस्चार्जचा बिंदू काही मिनिटांत हाती येतो, आणि तोही ओतून आलेल्या खऱ्या पात्यांवर. दहा रचनांतून दोन निवडण्यासाठी संगणक खुशाल वापरावा. त्या दोन मात्र बेंचवर चढल्याच पाहिजेत.