नव्या अणुभट्ट्यांची ‘आंतरराष्ट्रीय मानकं’ म्हणजे नक्की काय?

राजापूरकर:
जैतापूर प्रकल्पाबद्दल बोलणं निघालं की "आराखडा आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांनुसार" हे ठरलेलं वाक्य येतं. त्यात असतं काय? प्रकल्पाची जागा असलेलं मादबनचं पठार उंच आहे, त्सुनामीची लाट येणार कुठून, यापुढे कुणी बोलत नाही.

कटिंगचहा:
व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची पुस्तकं ती. देशांवर ती पाळायचं सरसकट बंधन नाही. विषय संपला.

निवृत्त_डिझेलवाला:
संपला कसा? आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ स्वतःची संहिता काढतं आणि परवाना तिच्यावर मिळतो. हलक्या, म्हणजे साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांची २०१५ साली आली; जैतापूरची त्यातलीच.

लाटेची उंची माझ्या लेखी दुय्यम. नोकरीभर आपत्कालीन डिझेल जनरेटरच्या चाचण्या घेतल्या, त्यामुळे मला आधी वीज दिसते. भट्टी बंद केली तरी त्या क्षणी ६-७ टक्के उष्णता उरतेच. जैतापूरला ठरलेली ईपीआर ही फ्रेंच बनावटीची भट्टी साडेचार हजार मेगावॅट उष्णतेची, म्हणजे बंद करूनही तीनशेच्या आसपास! ती काढायला पंप हवेत, पंपांना वीज.

२०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाला बरीचशी डिझेलं तळघरात होती, त्सुनामीच्या पाण्यात गेली. ६ नंबरच्या युनिटचं एक हवेवर थंड होणारं डिझेल तळघरात नव्हतं, वेगळ्या इमारतीत जमिनीच्या पातळीवर होतं. ते चालत राहिलं म्हणून ५ आणि ६ वाचले.

व्हिएन्नाचं आराखड्याचं मानक एसएसआर-२/१, २०१२ चं. फुकुशिमानंतर २०१६ मध्ये सुधारलं. ते म्हणतं: हिशेबात धरलेल्या संकटापेक्षा मोठं संकट आलं तरी थोडी ताकद शिल्लक हवी. इंधन वितळलं तर लागणारी यंत्रणा रोजच्या यंत्रणेपासून शक्य तितकी वेगळी हवी. आणि बाहेरून आणलेले पंप-जनरेटर जोडायची सोय आधीच करून ठेवायची. हे शेवटचं मला सगळ्यात आवडलं, कारण ते लिहिणाऱ्याने कधीतरी हातात होजपाइप धरला असणार.

राजापूरकर:
मग आम्ही विचारायचं काय?

निवृत्त_डिझेलवाला:
डिझेलं कुठल्या पातळीवर, हे पहिलं. ईपीआरमध्ये चार मुख्य आणि दोन जादा असतात, भट्टीच्या दोन बाजूंना वेगळ्या इमारतींत, ते ठीक आहे. टाकीतलं तेल किती दिवस पुरेल, विचारा. बाहेरचा पंप कुठून येणार, तेही. घाटावरून येणार म्हणाले, तर जुलैत अणुस्कुरा घाटात दरड आल्यावर तो ट्रक कुठल्या रस्त्याने आणणार, ते लेखी मागा.