रात्रीच्या पाळीची वीज आणि वाघ
सूचना असतानाही लोक जंगलात जातात, म्हणून वाघाचे हल्ले होतात, हे काही जणांचे मत मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांच्या बाबतीत काही अंशी मान्य करता येईल. मात्र आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी भागात भीती केवळ जंगलात नाही, ती शेताच्या बांधावरही आहे, आणि तिचे एक मोठे कारण वाघाच्या हल्ल्यांवरील चर्चेत अजून आलेले नाही. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला काळोखात, हातात बॅटरी आणि काठी घेऊन, एकट्याने शेत गाठावे लागते. गेल्या रब्बीत मी स्वतः मोटार सुरू करायला निघालो असताना धुऱ्यावरच्या ओल्या मातीत वाघाचे ताजे पगमार्क (पावलांचे ठसे) दिसले आणि मी तसाच माघारी फिरलो; त्या पाळीचे पाणी गेले ते गेलेच.

दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली. जंगलालगतच्या गावांना तिच्यात पहिला क्रम हवा, ही मागणी निवडणुकीतील प्रत्येक उमेदवारापुढे ठेवली पाहिजे. माध्यमांविषयीही माझी एक तक्रार आहे. 2018 साली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या, नरभक्षक ठरवून ठार केलेल्या अवनी वाघिणीवर देशभर चर्चा झाली, परंतु हल्ल्यात माणूस गेल्यावर तो त्या वेळी शेतात का होता, हे बातमीत क्वचितच विचारले जाते.